शहर हेच लक्ष्य : ब्रिटनची बॉम्बफेक आणि तिच्यावरचा वाद

९ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या बैठकीत चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल भाषणाला उभे राहण्याच्या बेतात होते. मंत्रिमंडळातले लॉर्ड वूल्टन त्यांच्यापाशी आले. तुम्ही हे भाषण करू नये असे इथे प्रत्येकालाच वाटते, पण केवळ कर्तव्य म्हणून तुम्ही ते करीत आहात हेही प्रत्येकाला ठाऊक आहे, अशा आशयाचे काहीतरी ते बोलले. बेल उभे राहिले आणि त्यांनी सरकारला एक प्रश्न विचारला : शत्रूच्या शहरांवरील बॉम्बफेकीचे आपले नेमके धोरण काय आहे?

बेल युद्धविरोधी नव्हते. हिटलरच्या राजवटीचा धोका ब्रिटनमध्ये ज्यांनी फार लवकर ओळखला त्यांत त्यांची गणना होते. जर्मनीतून पळून आलेल्या निर्वासितांसाठी ते १९३३ पासून झटत होते आणि नाझींना विरोध करणारे पाद्री डीट्रिख बोनहोफर त्यांचे निकटचे मित्र होते. वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन आणि कव्हेंट्री ही शहरे प्रथम जर्मनांनी जाळली, हे त्यांनी भाषणातच मान्य केले. कारखाने, गोद्या, रेल्वेची जंक्शने यांवर हल्ला होताना आजूबाजूची माणसे मरतात, तेही त्यांनी समजून घेतले. त्यांचा आक्षेप वेगळ्या गोष्टीला होता. एका शहरात काही लष्करी ठिकाणे आहेत म्हणून ते संपूर्ण शहरच लक्ष्य मानायचे आणि एकेक मोहल्ला क्रमाने नष्ट करायचा, याला कोणता न्याय आहे, असे ते विचारत होते.

या विषयावर बोलताना एक वाक्य नेहमी ऐकू येते. आज शांततेच्या काळात बसून त्या पिढीचा न्यायनिवाडा करणे सोपे आहे; तेव्हा असे प्रश्न कोणाला सुचणेच शक्य नव्हते, असे म्हटले जाते. इतिहास असे सांगत नाही. प्रश्न तेव्हाच विचारले गेले. संसदेत विचारले गेले, छापून विचारले गेले, आणि युद्ध जिंकण्याची घाई असलेल्या माणसांनीही विचारले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सरकारने त्यांची उत्तरे दिली आणि ती उत्तरे खरी नव्हती. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नोत्तरांचा मागोवा घ्यायचा आहे.

नियम आणि त्याचा अपवाद

युद्ध सुरू होण्यापूर्वी नियम पुरेसा स्पष्ट होता. असंरक्षित गावांवर व वस्त्यांवर मारा करू नये, असे १९०७च्या हेग करारात म्हटले होते. १९२३ साली हेग येथेच कायदेपंडितांनी हवाई युद्धाच्या नियमांचा मसुदा केला आणि नागरिकांना भयभीत करण्यासाठी केलेली बॉम्बफेक त्यात निषिद्ध ठरवली. तो मसुदा कोणत्याही राष्ट्राने करार म्हणून स्वीकारला नाही, पण त्यातला विचार रुजला. स्पेनमधील गेर्निका हे गाव एप्रिल १९३७ मध्ये उद्ध्वस्त झाल्यावर युरोपात जो क्षोभ उसळला, तो त्याचाच पुरावा. जून १९३८ मध्ये पंतप्रधान चेंबरलेन यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये तीन तत्त्वे मांडली : नागरिकांवर जाणूनबुजून हल्ला करणे आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे, हवेतून हल्ला करायचा तर लक्ष्य लष्करी आणि ओळखता येण्याजोगे हवे, आणि त्या लक्ष्यावर हल्ला करताना शेजारच्या वस्तीला निष्काळजीपणाने इजा होता कामा नये. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रसंघाने याच अर्थाचा ठराव एकमताने केला. १ सप्टेंबर १९३९ला, पोलंडवर स्वारी झाली त्याच दिवशी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व पक्षांना नागरी वस्त्यांवर बॉम्ब न टाकण्याचे आवाहन केले. ब्रिटनने ते मान्य केले; हिटलरनेही तोंडदेखला होकार दिला.

हा नियम सर्व माणसांसाठी होता का? इथे भारतीय वाचकाला थांबावेच लागते. १४ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या दुसऱ्या दिवशी, पंजाबातील गुजरानवाला शहर आणि आसपासच्या खेड्यांवर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले व मशीनगनने गोळ्या झाडल्या. पंजाबातल्या त्या दडपशाहीच्या चौकशीत मुंबईचे दोन नामवंत वकील होते. सरकारने नेमलेल्या हंटर समितीवर सर चिमणलाल सेटलवाड आणि काँग्रेसने नेमलेल्या समितीवर, गांधीजींच्या जोडीला, मुकुंदराव जयकर. हल्ला करणारे कॅप्टन कार्बेरी यांनी हंटर समितीपुढे दिलेल्या साक्षीचा आशय असा होता, की आपण हे त्या लोकांच्याच हितासाठी केले. थोडे मेले तर बाकीचे जमून शहरात नासधूस करायला येणार नाहीत. वीसच्या दशकात इराक आणि वायव्य सरहद्दीवर टोळ्यांना ‘शिस्त’ लावण्याचे स्वस्त साधन म्हणून विमानेच वापरली गेली. पुढे जर्मन शहरांवरील मोहिमेचे सेनापती झालेले आर्थर हॅरिस यांनी या दोन्ही ठिकाणी स्क्वाड्रनचे नेतृत्व केले होते. १९३२ मध्ये सुरू झालेल्या जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत हवाई बॉम्बफेकीवर बंदीची चर्चा निघाली, तेव्हा ब्रिटनने दूरच्या प्रदेशांत ‘पोलिसी’ कामासाठी बॉम्बफेकीची मुभा हवी असा आग्रह धरला. म्हणजे नियम होता, पण त्याला अपवादही होता. पुढे युरोपात जे घडले, त्याला हा अपवाद घरी परतला असे म्हणायला हरकत नाही.

पायरी पायरीने

ब्रिटिश सरकारने एका रात्रीत शहरे जाळण्याचा निर्णय घेतला नाही. १५ मे १९४० रोजी, रॉटरडॅमवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, युद्धमंत्रिमंडळाने ऱ्हाईन नदीपलीकडील तेलाच्या टाक्या आणि रेल्वे यांवर हल्ल्यास परवानगी दिली. दिवसा गेलेली विमाने जर्मन लढाऊ विमाने पाडीत, म्हणून उड्डाणे रात्रीची झाली. रात्री लक्ष्य दिसेना. ऑगस्ट १९४१ मध्ये बट अहवाल आला. विमानांतून घेतलेली छायाचित्रे तपासून काढलेला त्याचा निष्कर्ष धक्कादायक होता : लक्ष्यावर हल्ला केला असे सांगणाऱ्या विमानांपैकी फक्त एकतृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती.

आता दोन मार्ग होते. हे हत्यार बाजूला ठेवायचे, किंवा जे हत्याराला जमते तेच लक्ष्य मानायचे. फ्रान्स पडला होता, जमिनीवरून युरोपात उतरण्याची ताकद ब्रिटनकडे नव्हती, आणि रशिया एकटा लढत असताना आपणही काही करीत आहोत हे दाखवणे आवश्यक होते. दुसरा मार्ग निवडला गेला. १४ फेब्रुवारी १९४२च्या निर्देशात म्हटले होते, की यापुढे मोहिमेचा रोख शत्रूच्या नागरी जनतेच्या, विशेषतः औद्योगिक कामगारांच्या, मनोधैर्यावर असावा. दुसऱ्या दिवशी हवाई दलाचे प्रमुख पोर्टल यांनी चिठ्ठी पाठवून खुलासा केला : नेम दाट वस्तीवर धरायचा, गोद्या किंवा विमानांचे कारखाने यांवर नाही. आठवड्याभरात हॅरिस यांनी सूत्रे हाती घेतली.

मार्चअखेर चर्चिल यांचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी हिशेब मांडला. जर्मनीतील ५८ मोठ्या शहरांवर पुरेसे बॉम्ब टाकले तर देशातील सुमारे एकतृतीयांश लोक बेघर होतील आणि घर गेलेल्या माणसाचे मन मोडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर हेन्री टिझर्ड आणि पॅट्रिक ब्लॅकेट या दोन शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. एकाच्या मते हा अंदाज पाचपट फुगवलेला होता, दुसऱ्याच्या मते सहापट. पण वाद आकड्यांपुरता राहिला. घरे पाडावीत की नाही, हा प्रश्न त्या कागदांत आलाच नाही. ‘बेघर करणे’ या शब्दात घराबरोबर घरातली माणसे मरतात, ही गोष्ट मागे पडली होती.

२७ जुलै १९४३च्या रात्री हॅम्बुर्गमध्ये ती गोष्ट पुढे आली. कोरडी, गरम हवा, अग्निशामक दल शहराच्या दुसऱ्या भागात गुंतलेले, आणि दाट कामगारवस्तीवर थोड्या वेळात पडलेले हजारो आगलावे बॉम्ब. सुट्या सुट्या आगी एक झाल्या, तापलेली हवा वर गेली आणि तिची जागा घ्यायला चहूबाजूंनी वादळी वारा आत ओढला गेला. तळघरांत लपलेले लोक धुराने व वायूने गुदमरले, रस्त्यावर आलेले आगीत ओढले गेले. आठवड्याभराच्या त्या मोहिमेत सुमारे ३७,००० माणसे मेली. कव्हेंट्रीत १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री ५६८ मेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण कळते.

शब्दांचा आडोसा

लोकसभेत मजूर पक्षाचे सभासद रिचर्ड स्टोक्स हा प्रश्न सारखा लावून धरीत होते. स्टोक्स पहिल्या महायुद्धात लढलेले, शौर्यपदक मिळवलेले गृहस्थ. त्यांना भित्रे म्हणण्याची सोय नव्हती. विशिष्ट लष्करी लक्ष्ये सोडून सबंध प्रदेशावर बॉम्ब टाकण्याच्या सूचना वैमानिकांना दिल्या आहेत का, असे त्यांनी १९४३ मध्ये विचारले. हवाईमंत्री सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांचे उत्तर ठरलेले असे : आमची लक्ष्ये नेहमीच लष्करी असतात, रात्रीच्या हल्ल्यात ती ज्या भागात आहेत त्या भागावर बॉम्ब पडणे अपरिहार्य आहे. पोर्टल यांच्या चिठ्ठीत याच्या नेमके उलट लिहिलेले होते, पण ती चिठ्ठी फायलीत होती.

या उत्तरांवर सर्वांत जास्त कोण चिडले असेल तर ते स्वतः हॅरिस. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांनी हवाई मंत्रालयाला लिहिले, की मोहिमेचा उद्देश जाहीरपणे आणि निःसंदिग्ध शब्दांत सांगा : जर्मन शहरांचा विध्वंस, जर्मन कामगारांना ठार करणे आणि सबंध जर्मनीतले सुसंस्कृत सामाजिक जीवन विस्कटून टाकणे. घरे पडणे व माणसे मरणे हा कारखान्यांवरील हल्ल्याचा आनुषंगिक परिणाम नाही, तो मान्य केलेला हेतू आहे, असे त्यांचे म्हणणे. आपली मुले रोज रात्री ज्या कामावर मरायला जातात, त्या कामाची सरकारला लाज वाटते असा त्यांचा समज होईल, ही त्यांची तक्रार होती. मंत्रालयाने नकार दिला. त्याच सुमारास सिंक्लेअर यांनी पोर्टल यांना कारण सांगितले होते : कँटरबरीचे आर्चबिशप आणि इतर धर्मगुरू विचारणा करतात, त्यांचे समाधान असेच करता येते, त्यांनी उघड निषेध केला तर वैमानिकांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल.

या पत्रव्यवहारात सबंध वादाचे सार आहे असे मला वाटते. बिशप बेल आणि एअर मार्शल हॅरिस ही दोन टोके; पण काय चालले आहे याविषयी दोघांचे एकमत होते. एकाने ते अन्याय्य म्हटले, दुसऱ्याने आवश्यक. मधले सरकार मात्र ते चाललेलेच नाही असे सांगत होते. ज्या कृत्याचे समर्थन करता येते असा विश्वास असतो ते कोणी इतक्या काळजीने झाकत नाही. सरकारला नियम ठाऊक होता, आपले लोक तो नियम मानतात हेही ठाऊक होते. म्हणून त्याने नियम तसाच ठेवला आणि ‘लष्करी लक्ष्य’ या शब्दाचा अर्थ तेवढा ताणला.

विरोधक आणि त्यांचे टीकाकार

लेखिका व्हेरा ब्रिटन यांचा प्रियकर आणि भाऊ पहिल्या महायुद्धात मारले गेले होते. त्यांनी स्वतः त्या युद्धात परिचारिकेचे काम केले होते. ‘सीड ऑफ केऑस’ या १९४४च्या पुस्तिकेत त्यांनी स्वीस, स्वीडिश आणि जर्मन वृत्तपत्रांतील वर्णने एकत्र करून बॉम्बखाली काय घडते ते ब्रिटिश वाचकापुढे ठेवले. ती अमेरिकेत एका नियतकालिकात २८ मान्यवरांच्या निवेदनासह छापली गेली, तेव्हा टीकेचा भडिमार झाला. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या वतीनेही तिचा प्रतिवाद करण्यात आला. शत्रूला मदत केल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. युद्ध संपल्यावर, ब्रिटन जिंकल्यास अटक करायच्या व्यक्तींची नाझींनी केलेली यादी सापडली. तिच्यात व्हेरा ब्रिटन यांचे नाव होते.

अमेरिकेतील जेझुइट पंथीय नीतिशास्त्रज्ञ जॉन फोर्ड यांनी सप्टेंबर १९४४ मध्ये एक प्रदीर्घ निबंध लिहिला. आधुनिक युद्धात सगळेच लढवय्ये, निरपराध कोणीच नाही, या युक्तिवादाची त्यांनी साध्या उपायाने परीक्षा घेतली. औद्योगिक शहरात राहणाऱ्या माणसांच्या व्यवसायांची त्यांनी लांबलचक यादीच दिली आणि विचारले, यांतले कोण कोण मरणास पात्र आहे ते सांगा. शिवाय एक जुने तत्त्व त्यांनी तपासले. दुहेरी परिणामाच्या या तत्त्वानुसार चांगल्या हेतूने केलेल्या कृत्याचा वाईट परिणाम केवळ अटळ म्हणून सोसावा लागला तर तो क्षम्य ठरू शकतो. पण मनोधैर्य खचवणे हाच हेतू असेल, तर माणसांचे मरण हा आनुषंगिक परिणाम राहत नाही. ते साधन बनते. आणि साधन हेतूबाहेरचे असू शकत नाही.

दुसरी बाजूही पोकळ नव्हती. जॉर्ज ऑर्वेल यांनी मे १९४४ मध्ये ‘ट्रिब्यून’ साप्ताहिकातून ब्रिटन यांना उत्तर दिले. युद्धात नेहमी निरोगी तरुणच मारले जातात आणि त्याला आपण स्वाभाविक मानतो. मग त्यांच्याऐवजी सर्व वयांची माणसे मेली तर ते अधिक वाईट कसे, असा त्यांचा प्रश्न होता. युद्ध मान्य करायचे आणि त्याचे रानटीपण तेवढे नाकारायचे, हा त्यांना दांभिकपणा वाटला. या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. एवढेच म्हणता येते, की सैनिक आणि मूल यांतला भेद पुसला, तर मग कोणावरच हात उचलू नये असे ठरायला हवे होते. प्रत्यक्षात सर्वांवरच उचलावा असे ठरले.

लष्करी युक्तिवादही लक्षात घ्यायला हवा. बॉम्बफेकीमुळे जर्मनीला हजारो विमानविरोधी तोफा आणि लढाऊ विमाने रशियन आघाडीवरून काढून आपल्या शहरांच्या रक्षणाला ठेवावी लागली, हे रिचर्ड ओव्हरी यांच्यासारख्या इतिहासकारांनी दाखवले आहे. १९४३ मधील रुर खोऱ्यावरील हल्ल्यांनी जर्मन शस्त्रोत्पादनाची वाढ रोखली, असे ॲडम टूझ यांचे मत आहे. हिटलर जिंकला असता तर काय झाले असते, हे आउशवित्झ पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकन विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी १९७७ साली याचा तोल साधण्याचा प्रयत्न केला. समाजाच्या अस्तित्वावरच घाला येतो आणि दुसरा उपाय नसतो, अशा टोकाच्या आणीबाणीत १९४०-४१ साली नियम मोडणे कदाचित समजून घेता येईल. १९४२ नंतर ती आणीबाणी उरली नव्हती, असे त्यांनी म्हटले. मोहिमेतील निम्म्याहून अधिक बॉम्ब युद्धाच्या अखेरच्या वर्षात पडले, ही वस्तुस्थिती इथे निर्णायक ठरते.

आणि सामान्य लोक? १९४१च्या एका लोकमत चाचणीत असे दिसले, की जर्मन नागरिकांवर सूड उगवावा ही मागणी बॉम्ब न पडलेल्या उत्तरेकडील ग्रामीण भागांत जोरदार होती; रोज रात्री मार खाणाऱ्या लंडनमध्ये मत जवळजवळ समसमान विभागलेले होते.

ड्रेस्डेन आणि त्यानंतर

१३ ते १५ फेब्रुवारी १९४५ या काळात निर्वासितांनी भरलेल्या ड्रेस्डेनमध्ये सुमारे २५,००० माणसे मेली. ६ मार्चला स्टोक्स यांनी हा विषय कॉमन्समध्ये काढला. २८ मार्चला चर्चिल यांनी लष्करप्रमुखांना टिपण पाठवले : इतर निमित्ते सांगून केवळ दहशत वाढवण्यासाठी जर्मन शहरांवर होणाऱ्या बॉम्बफेकीचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे. तीन वर्षे जे संसदेत नाकारले ते पंतप्रधानांनी एका वाक्यात लिहून टाकले. पोर्टल यांनी आक्षेप घेतला. चर्चिल यांनी टिपण मागे घेऊन १ एप्रिलला सौम्य भाषेत दुसरे दिले. त्यातली मुख्य चिंता अशी, की उद्ध्वस्त देश ताब्यात आला तर आपल्याच सैन्याला राहायला घरे मिळणार नाहीत.

१३ मे रोजी केलेल्या विजयाच्या भाषणात त्यांनी बॉम्बर कमांडचा उल्लेखही केला नाही. या दलातील सुमारे सव्वा लाख वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले होते, बहुतेक विशीतले. त्यांना स्वतंत्र मोहीमपदक मिळाले नाही. हॅरिस यांना ज्याची भीती होती तेच झाले. ज्यांनी आज्ञा दिली ते बाजूला झाले, आणि आज्ञा पाळणारे अवघडलेल्या मौनात राहिले. हॅरिस यांचा पुतळा लंडनमध्ये ३१ मे १९९२ला उभा राहिला, तेव्हा निदर्शने झाली. २०१२ साली ग्रीन पार्कमध्ये वैमानिकांचे स्मारक झाले. तिथल्या लेखात सर्व देशांतील बॉम्बफेकीच्या बळींचेही स्मरण आहे.

न्यूरेंबर्ग येथे शहरांवरील बॉम्बफेकीचा खटला कोणावरच चालला नाही. जर्मनांवर चालवला असता तर प्रश्न उलटून आला असता. टोकियोच्या खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी आपल्या विरोधी निकालपत्रात अणुबॉम्बचा निर्णय पुढे आणला, तो जेत्यांना रुचला नाही. कायद्याला बोलायला १९७७ साल उजाडावे लागले. जिनिव्हा करारांच्या पहिल्या पूरक मसुद्याच्या ५१व्या कलमानुसार, शहरातील परस्परांपासून वेगळी असलेली लष्करी ठिकाणे मिळून एकच लक्ष्य मानणे निषिद्ध ठरले. बेल यांनी ३३ वर्षांपूर्वी नेमका याच गोष्टीला आक्षेप घेतला होता. ब्रिटनने हा मसुदा १९९८ साली स्वीकारला. अमेरिकेने आणि भारतानेही तो अद्याप स्वीकारलेला नाही.

ऑक्टोबर १९४४ मध्ये आर्चबिशप टेंपल वारले. त्यांच्या जागी बेल यांची निवड झाली नाही. त्या भाषणाची ती किंमत होती, असे अनेकांचे मत आहे. व्हेरा ब्रिटन १९४९ साली जागतिक शांतता परिषदेसाठी भारतात आल्या. तिची बैठक आधी शांतिनिकेतनात आणि मग आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात झाली.

बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात युद्धकाळात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी पुढे लिहिले, की आपण एक नैतिक भूमिका सोडून दुसरीवर, ती सोडून तिसरीवर असे मागे सरत गेलो आणि शेवटी उभे राहायला भूमिकाच उरली नाही. राष्ट्राचेही असेच झाले. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच खाली होती आणि प्रत्येक वेळी ‘लष्करी लक्ष्य’ हेच शब्द वापरात राहिले. आजही एखाद्या शहरावर हल्ला झाल्याची बातमी येते तेव्हा त्यात हे दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ त्या दिवशी किती ताणला आहे, हे विचारण्याचे काम स्टोक्स आणि बेल यांनी केले. युद्ध चालू असताना, स्वतःच्याच सरकारला विचारले. ते विचारणे तेव्हा शक्य होते, एवढे तरी या इतिहासाने सिद्ध केले आहे.